गाडी चालू होते हो!

...आणि वर सगळे मलाच विचारतात, "चोक ओढला होतास का?" अहो, ओढला होता! चोक ओढला, किल्ली फिरवली, किक मारली, दुसरी मारली, आणि गाडी चालू झाली! चालू होते हो, तिथंच तर सगळी गोम आहे! मुळात चालूच न होणारी गाडी परवडली, माणूस एकदाच काय त्या शिव्या घालतो, बस धरतो आणि मोकळा होतो. ही चालू होते, आशा लावते, आणि मग बंद पडते.

तुम्हाला सांगतो, उन्हाळाभर, पावसाळाभर ही मोटरसायकल मला कधी उलटून बोलली नाही. किक मारायची, बसायचं, निघायचं. थंडी पडली आणि बाईसाहेबांची नाटकं सुरू झाली. आता थंडीत इंजिन तापायला वेळ लागतो हे मलाही कळतं, मी काही अगदीच हा नाही, म्हणून मी काय करतो, गाडी अंगणात चालू करून ठेवतो आणि आत येतो. आत आलं की स्वेटर, मोजे, हातमोजे, त्यातला एक सापडत नाही, तो सापडला की मफलर, आणि त्यात बायको कप पुढं करून उभी, "चहा घेतल्याशिवाय पाऊल बाहेर टाकायचं नाही!" तो उभ्या उभ्या घशाखाली ओतायचा... आणि बाहेर कसा छान आवाज चाललेला असतो, फट् फट् फट् फट्, कानाला इतकं बरं वाटतं, म्हणतो आज जमलं... आणि मग फट्... फट्... फुस्स! एक हातमोजा घातलेला मी बाहेर धावतो, किक मारतो, परत मारतो, काकुळतीला येऊन मारतो. ढिम्म!

तुम्ही म्हणाल, झाला थोडा उशीर, एवढं काय त्यात? सांगतो. मी औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. पट्ट्यावरून गोळ्यांच्या बाटल्या येतात, त्यांची झाकणं घट्ट बसलीत का ते बघणारा माणूस म्हणजे मी. मी जागेवर उभा राहिल्याशिवाय पट्टा सुरू करत नाहीत, म्हणजे मला उशीर झाला की ओळीतली सगळी माणसं हाताची घडी घालून उभी आणि सगळ्यांचे डोळे दाराकडे! आमचा सुपरवायझर ओरडत नाही हो, ओरडला असता तर बरं झालं असतं. तो सावकाश, नाकातून बोलतो, "या... या साहेब... उठली का गाडी झोपेतून?" आणि त्या दिवशी तर बाजूला घेऊन, चष्मा पुसत पुसत म्हणाला, "माझाही नाइलाज आहे. पुन्हा एकदा असं झालं ना, तर तुमच्या जागेवर दुसरा माणूस उभा असेल." घरी मी कुणाला सांगितलं नाही.

बरं, सल्ले तरी किती! शेजारचे काका कुंपणावरून, "पेट्रोलात पाणी आहे, मी सांगतो तुला, पाणीच आहे!" मेहुणा फोनवरून, "विकून टाका ना ते धूड, दाजी!" आणि गॅरेजवाला... त्याच्याकडे तर मी ही गाडी ढकलत इतक्या वेळा नेली की रस्त्यातली कुत्री माझ्यावर भुंकायची थांबली. तो खाली वाकायचा, इकडून तिकडून हात फिरवायचा, प्लग काढून फुंकायचा, "गेलाय प्लग." नवा टाकला, किक, चालू! दुसऱ्या सकाळी अंगणात फुस्स. परत ढकला. "एअर फिल्टर." चालू! घरी फुस्स. "कार्ब्युरेटर." चालू! घरी फुस्स. चालू होते हो, फक्त त्याच्याकडे होते! शेवटी मी म्हटलं, "अहो, मीच बिछाना घेऊन तुमच्याकडे राहायला येऊ का?"

आणि मी अंगणात त्या गाडीला नको नको ते बोलत असलो की आमचे बाबा शाल पांघरून दारात येणार. गाडी मूळची त्यांचीच. घरोघरचे विजेचे मीटर वाचत उभा जन्म याच गाडीवर हिंडले. आता गुडघे गेलेत, गाडीवर बसत नाहीत, पण जीव तिच्यात अडकलेला. म्हणायचे, "अरे, तिला बोलू नकोस रे. वय झालंय तिचं. तिचा काय दोष?"

सुपरवायझरनं दम दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, आज नजर ठेवायची. गाडी चालू केली, आत आलो, कप घेतला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा राहिलो. फट् फट् फट् फट्... आणि बाबा बाहेर आले. भिंतीचा आधार घेत, हळूहळू. गाडीपाशी थांबले. दाराकडे बघितलं, शेजाऱ्यांकडे बघितलं, मग ते दुखरे गुडघे वाकवून खाली हात घातला. टाकीखाली पेट्रोलचा बारका नळ असतो ना, कॉक, तो त्यांनी बंद केला. ही त्यांची जन्माची पद्धत. घरी आलं की आधी कॉक बंद करायचा, आत उरलेलं पेट्रोल जळू द्यायचं, इंजिन आपोआप शांत होतं. आणि वाकलेलेच स्वतःशी पुटपुटत होते, मला खिडकीतून स्पष्ट ऐकू आलं, "परत? परत चालू ठेवून आत गेलास? काय होतंय तुला?"

कळलं का तुम्हाला? त्यांना वाटत होतं, ते आत्ताच कामावरून घरी आलेत! आणि गाडी बंद करायला विसरलेत! रोज सकाळी तो आवाज ऐकून धडपडत उठायचे, कुणी बघायच्या आत आपली चूक निस्तरायची म्हणून. आणि मग दारात येऊन मला "तिचा काय दोष" म्हणायचे, तेव्हा ते सगळं विसरलेले असायचे की लपवत असायचे, देव जाणे. रडू आलं हो मला, चहाचा कप हातात घेऊन.

ते आत गेल्यावर कॉक उघडला, दोन-तीन किक मारल्या, गाडी चालू झाली. कामावर वेळेत पोचलो, आणि संध्याकाळी गॅरेजवाल्याला जाऊन सांगितलं, "अहो, कॉक बंद असायचा!" तर म्हणतो कसा, "हो, मीच उघडायचो की! मला वाटलं, शहाणा माणूस आहे, बंद करून आणतो." घ्या!

मग मी अक्कल चालवली. आवाजच करायचा नाही! दुसऱ्या सकाळी गाडी हळूच ढकलत कोपऱ्यावर नेली, तिथं चालू केली, तिथंच हातमोजे घातले, वेळेच्या आधी कामावर हजर! दिवसभर खुशीत होतो. संध्याकाळी घरी आलो तर बायकोचा चेहरा उतरलेला. म्हणाली, "बाबा सकाळी अंगणात आले, गाडी नाही. मला विचारतात, 'पोरी, गाडी कुठं सोडून आलो गं मी? मला आठवत नाही गं.' मी सांगितलं, ती तर हे घेऊन गेलेत. हो हो म्हणाले, आणि माझी पाठ वळल्यावर अनवाणी रस्त्यावर गेले, ती शोधायला. मी धावत जाऊन परत आणलं त्यांना." बाबा दिवसभर जेवले नाहीत. मी गाडी आणली तेव्हा टाकीवर हात ठेवून कितीतरी वेळ उभे होते.

तेव्हा आता आमचं असं चालतं. मी लवकर उठतो. गाडी अंगणात चालू करतो, आत येऊन निवांत चहा पितो. बाबा बाहेर जातात, फुस्स होतं, बाबा हात चोळत आत येतात, खुर्चीत बसतात, "चहा टाक गं पोरी, आज फार हिंडलो." माझ्याकडे बघून म्हणतात, "निघालास? सांभाळून जा, थंडी आहे." मी जातो, कॉक उघडतो, कोपऱ्यापर्यंत ढकलतो आणि तिथं चालू करतो. चालू होते हो!

परवा सुपरवायझर म्हणाला, "काय साहेब, हल्ली वेळेवर? दुरुस्त झाली वाटतं गाडी?" काय सांगणार त्याला? म्हटलं, "झाली साहेब. आता रोज अगदी वेळेवर बंद पडते."