दाराबाहेरच्या चपला

गुरांच्या दवाखान्यात साधना शेळी धरून रांगेत उभी होती. पुढच्या म्हस्कू मेंढपाळाच्या खांद्यावर आजारी कोकरू. त्यानं चपला दाराबाहेर काढल्या अन् उंबऱ्यातलं औषधाच्या पाण्याचं घमेलं ओलांडलं.

"मामा, चपला घालून पाण्यात उभं ऱ्हा," आतून दवाखान्यातली मदतनीस नंदाबाई ओरडली.

"दवाखाना देवळागत मानतो, बाई."

"आन् जाताना त्याच घालून मेंढरांत शिरणार? दाराशी किती रोगी जनावरं लोळून गेली!"

"मागल्या बारीला हितनं गेलो, आन् सगळा कळप लंगडाया लागला व्हता..."

"मंग?"

"थांबा. चपला बुडवतो, काठी बी बुडवतो. मेंढरांच्या वाड्यावर बी असंच घमेलं मांडतो."

"पावणं हसतील," मागनं साधना म्हणाली.

"हसू द्या. जावई आला तरी आदी पाय बुडवंल, मंग रामराम."