उंबराखालचा कटला

फलटणहून कोरेगावला निघालेल्या एसटीत माझ्या पुढच्या सीटवर दोन म्हातारे बसले होते.

“आकाराम, तू गळाला गांडूळ लावत न्हाईस म्हणं?”

“न्हाई. तांबड्या लोकरीचं उंबर बांधतो. मिल्ट्रीत शिकलो. ओढ्याच्या डोहात, झाडाखाली हळूच टाकायचं. पिकलं फळ पडलं म्हणून कटला अल्लाद वर येतो बघ.”

“पर त्यो उंबर तर रस्त्यापायी तोडला की.”

“व्हय, रहिमान. तरी कटला अजून तिथंच थांबतोय. वर तोंड करून.”

“मग सोपंच झालं की रं! टाकलास का गळ?”

“टाकला. लगीच आला. दोरी वडायला हात धजला न्हाई, गड्या.”

“आन् ह्या पिशवीत काय हाय?”

“उंबरं. लेकीच्या दारातली.”