वहिनींची तब्येत

वकील : …म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, सर. ही समिती वकिलांना शिस्त लावायला बसवलीय, नवऱ्यांना नाही.

अध्यक्ष : मुद्दा लिहून घेतलाय. बाई, तुमचे यजमान दुसऱ्या बाईकडे राहतात, हे ते नाकारत नाहीत.

वकील : राहत नाही, सर. जातो.

अध्यक्ष : जातात. पण तेवढ्यावरून सनद काढून घ्यायची म्हणजे उद्यापासून यांची वकिलीच बंद. घरच्या वागण्याचा कामाशी काहीतरी संबंध दाखवावा लागेल तुम्हाला.

बायको : मला कायद्यातलं कळत नाही. घरात उठताबसता खोटं बोलणाऱ्या माणसाच्या भरवशावर लोक कोर्टात घरदार सोपवतात, एवढं कळतं.

वकील : हे मत झालं, पुरावा नाही. उंबऱ्याच्या आत मी नवरा, कोर्टाच्या पायरीवर वकील. आजवर एकाची भेसळ दुसऱ्यात होऊ दिलेली नाही.

बायको : आमटी कशी झालीय विचारलं तर म्हणतात, प्रश्न मी विचारीन, तू फक्त हो की नाही सांग.

अध्यक्ष : ते आमच्याही घरी आहे. गैरवर्तनात धरत नाहीत. आणि वहिनी, उभ्यानं बोलू नका, बसा. तुम्हाला मनाई असेल.

बायको : मनाई? कुणाची?

अध्यक्ष : डॉक्टरांची. मणक्याचं दुखणं आहे ना तुमचं?

बायको : माझ्या मणक्याला काय झालंय?

वकील : सर, हा प्रश्न तक्रारीच्या बाहेरचा आहे.

अध्यक्ष : तब्येतीची चौकशी करतोय, उलटतपासणी नाही. बाई, मीही वकीलच आहे. एका गोदामाच्या दाव्यात हे माझ्या समोरच्या बाजूला होते. तुमच्या आजारपणासाठी पुढची तारीख मागायचे, आणि मी कधी हरकत घेतली नाही. आधी मणका झाला. मग पित्ताशय काढलं.

बायको : माझं?

अध्यक्ष : दोनदा.

वकील : दुसऱ्यांदा मूत्राशय म्हणालो होतो, सर. ऐकण्यात चूक झाली असेल.

(अध्यक्ष पेन खाली ठेवतात.)

अध्यक्ष : म्हणजे म्हणालात.

बायको : मी एकदाच आजारी पडले. मार्चच्या शेवटी, गर्भाशय काढलं तेव्हा. दवाखान्यात सही भावानं केली. हे म्हणाले, तारीख आहे, चुकवता येत नाही.

अध्यक्ष : मार्चच्या शेवटी.

बायको : हो. शुद्धीवर आल्यावर पहिलं तेच विचारलं मी भावाला, यांच्या केसचं काय झालं म्हणून.

अध्यक्ष : काही झालं नाही. त्या दिवशी आमचे म्हातारे अशील काठी टेकत लांबून आले होते. मीच त्यांना परत पाठवलं. म्हटलं, समोरच्या वकिलांना आज बायकोच्या उशाशी बसू दे.

बायको : उशाशी भाऊ होता.

वकील : सर, एक खुलासा. त्या दिवशी बायको आजारी होती, हे माझं विधान खरं होतं.

अध्यक्ष : तेवढं एक खरं निघालं.

वकील : मग ते नोंदीत यावं.

अध्यक्ष : येईल, पण मी घेऊ शकत नाही. मला या खुर्चीतून उठावं लागेल. मी आता साक्षीदार झालो.

वकील : पण ही घरची भानगड आहे, सर.

अध्यक्ष : घरची होती. तुम्ही ती कोर्टात आणलीत, आणि मी दरवेळी मान डोलावली. बाई, माफ करा. आता दुसरे अध्यक्ष येतील, सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल. पुढची तारीख कधीची जमेल तुम्हाला?

बायको : कधीचीही द्या. माझी तब्येत चांगली आहे.