अंतोनीच्या डबीशेजारी माझी कवळी

…आणि मलाच रांगेच्या शेवटाला पाठवलं, तुम्हाला सांगतो, मला, ह्या केरबाला, ज्याच्याइतका पक्का ख्रिस्ती अख्ख्या लातुरात घावायचा न्हाई... आता वर्षातून एकदाच चर्चला जातो मी, जूनमध्ये, संत अंतोनीच्या सणाला, आणि ते बी सणाच्या मटणासाठी, पण जातो का न्हाई? मी काय खोटं बोलून राहिलो का?

यंदा सणाला संताचा पवित्र अवशेष आला होता. म्हंजे हाडाचा बारका तुकडा, काचेच्या डबीत. फादर डबी धरून उभे, आपण जायचं, डबीचा मुका घ्यायचा, फादर पांढऱ्या फडक्यानं काच पुसणार, की पुढचा. सोपं काम. पण फादरनी मिस्सात, म्हंजे चर्चच्या प्रार्थनेत, सांगून ठेवलं, की अंतोनी हरवलेलं मिळवून देतो, आणि त्याची जीभ आन जबडा परदेशात अजून जपून ठेवलाय. झालं... ही बातमी गेली ट्यूशनच्या पोरांत. डॉक्टरकीच्या परीक्षेला दुसऱ्यांदा बसणारी, रिपीटर बॅच. कुणाचे चार मार्क हुकलेले, कुणाचे अकरा, कोण उमरीचं, कोण उदगीरचं, कुठल्या बी जातीधर्माचं, सगळी येऊन रांगेत, का, तर हरवलेले मार्क परत मिळतेत. अरे बाबांनो, हरवायला ते आधी तुमचे असावे लागतेत. पण सांगावं कुणी, एकेकाच्या पाठीवर माझ्याएवढं दप्तर. दोन तास उभा होतो मी, नाकात मटणाचा वास घेऊन.

आला माझा नंबर. वाकलो, डोळे मिटले, मनापासून मुका घेतला... आणि वरची कवळी सुटली. सटकन. बाजूला आमचे अमृतराव उभे, चर्चची झाडलोट, मेणबत्त्या सगळं बघतेत, हातात धुतलेल्या फडक्यांचं ताट. कवळी बरोब्बर त्या ताटात. अमृतरावांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. "संताचं कायतरी पडलं की," म्हणाले, आणि ताट दोन्ही हातांनी नेऊन मेणबत्त्यांपाशी ठेवलं. मी म्हणून राहिलो, माझी कवळी, माझी कवळी... पण कवळीबिगर कवळी म्हणता येतंय का? तोंडातून निघालं 'कऊई'.

माझ्या मागं देगलूरची एक पोरगी. तिनं इचारलं, "काका, तो जबडा म्हणतेत तो हाच का?" अमृतराव म्हणाले, "हितलं समदं पवित्रच हाय बेटा, पाया पड." तिनं आपलं गुणपत्रक टेकवलं कवळीला. तिच्या मागच्यानं पेन टेकवला. त्याच्या मागच्यानं आईला व्हिडिओ कॉल लावला. पाच मिनिटांत डबीपुढं चार माणसं आन माझ्या कवळीपुढं चाळीस. घुसलो मी मधे, तर तीच पोरगी, "आजोबा, रांगेत या ना, आम्ही काय येडे म्हणून उभे हावोत का?" आता दात माझे, रांग माझ्या दातांची, आन मीच घुसखोर. मी काय खोटं बोलून राहिलो का?

गेलो फादरकडं. फादर केरळचे, मराठी पुस्तकातून शिकलेले. "केरबा, आपण आज तरी विनोद करू नये." इनोद? बोळकं पसरून दाखवलं त्यांना. तर अमृतराव तिकडून, "हाव हाव, आन शेडातला भूकंप बी खराच होता तुझा."

तीस वर्षं झाली हो त्याला. त्र्याण्णवला भूकंप झाला, घरं गेली, माणसं गेली, आम्ही सगळे पत्र्याच्या शेडात. चार महिने कुणी हसलं नव्हतं. एका दुपारी मी काठीनं पत्रा खडखडवला, "हललं, हललं" म्हणून वरडलो, आन अमृतराव न्हाणीतून साबणासकट भायेर. लोक हसले त्या दिवशी. पोटभर हसले... अमृतराव सोडून. तवापासून माझा शब्द ह्या गावात बाद.

म्हटलं, माझ्या बायकोला बोलवा. पारूबाईला. बारा वर्षं रोज रात्री तीच वाटीत भिजवती ते दात, ती वळखंल. पारूबाई आली, पंगतीत वाढून राहिली होती, हातात रश्श्याची पळी तशीच. तिकडं शेवटची पंगत बसायली. बिनदाताचं मटण म्हंजे निस्ता रस्सा, पुढचं मटण पुढच्या जूनला, आणि ह्या वयात पुढच्या जूनचा काय भरोसा?

फादर म्हणाले, "पारूबाई, आपण खरे तेच सांगाल. हे दात यांचे आहेत का?"

तिनं वाकून ताटात बघितलं. मेणबत्त्या बघितल्या, गुणपत्रकांचा ढीग बघितला, हात जोडून उभी पोरं बघितली. मग माझ्याकडं बघितलं. म्हटलं, सांग की गं, मी काय खोटं बोलून राहिलो का?

फादरच्या कानाशी गेली, पण मला ऐकू यावं असं बोलली:

"यांचेच हायत, फादर. पण ऱ्हाऊ द्या तिथंच. बारा वर्षं यांच्या तोंडात होते, एक खरा शब्द भायेर आला न्हाई. तिथं बसून पोरांना धीर तरी देऊन राहिलेत."