बाबांचं हळदीचं दूध

हळदीच्या दुधाचं नाव काढलं न तू, तर आमच्या बाबांचं ऐक. भिलाईच्या स्टील प्लांटातल्या ब्लास्ट फर्नेसच्या भट्टीवरून रिटायर झाले, पण घरात अजून फोरमनच हायेत.

आईचा गळा असा बसला का आवाजच बंद. बाबा म्हणे, "आज दूध मी बनवतो." हळद, मिरे, तुळस, आलं टाकलं, अन् उकळत्या दुधात गुळाचा खडा सोडून राहिले. आई जोरजोरात हात हलवे. बाबा म्हणे, "राहू दे, आभार नको मानू."

दूध फाटलं. बाबांनी दुधाच्या गंजात वाकून पाह्यलं. "काही नाही, स्लॅग वर आला. खालचा माल शुद्ध हाय."

आई कडाडली, "अहो, पूरं दूध नासवलं, अन् आता मले भट्टीतला कचरा पाजता का?"

बाबा मले म्हणे, "पाह्य! पिण्याच्या आधीच गळा खुलला."