झबलं कुणाच्या अंगावरचं?

...आणि वर मलाच विचारतात, खांगभाऊ, चेहरा असा का उतरलाय, झोप झाली नाही का? अहो, कशी होईल? तुम्हाला सांगतो, दोन महिने मी मोटारसायकलवरून अख्ख्या कान थो गावात लोकांची पोरं बघत हिंडलोय. पळवायला नाही हो, नुसती बघायला. दारात उभं राहायचं, हेल्मेट काढायचं आणि विचारायचं, काकू, तुमचं बाळ फार रडतं का? पेज किती वाट्या खातं? शी वेळेवर होते का? लोक अंगावर कुत्रं सोडत नाहीत, कारण आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं, की असलं विचारणारा म्हणजे होऊ घातलेला बाप, आणि याची आई घरी वाट बघत बसलेली आहे.

सुरुवात झाली बायकोपासून. थोआ, माझी बायको, शाळेत विज्ञान शिकवते. विज्ञान शिकवणाऱ्या बाईशी लग्न करू नये असं मी म्हणणार नाही, कारण ती पलीकडच्याच खोलीत आहे. तर आमच्या घरामागून कालवा जातो. एक दिवस ही पायरीवर भाजी धूत बसली होती, आणि वरून काहीतरी पांढरं पांढरं तरंगत आलं. हिला वाटलं बदकं. जवळ आलं तर काय, पोरांचे डायपर, पाणी पिऊन टम्म फुगलेले, एकामागून एक, वरात निघाल्यासारखे. झालं. भाजी तिथेच टाकली आणि वर येऊन जाहीर केलं, "अहो, ऐकलंत का, आपल्या बाळासाठी एकही नवी वस्तू घ्यायची नाही. प्लास्टिक तर नाहीच. लंगोट जुन्या चादरींचे करायचे, पाळणा वापरलेला आणायचा, झबली वापरलेली आणायची."

मी आईकडे बघितलं. म्हटलं, आता पेटणार. तर आई म्हणते कशी, "बरोबर बोलतेय. नवं कापड बाळाच्या अंगाला लावूच नये."

सासू आणि सून, एकमत! चार वर्षांत पहिल्यांदा! मी आनंदानं दोन वाट्या भात जास्त खाल्ला. आता मला काय कल्पना, की दोघींचं एकमत उंबऱ्यापर्यंतच आहे आणि आत गेल्यावर प्रत्येकीची वाट वेगळी आहे? आणि त्या दोन वाटांच्या मधोमध मी, मोटारसायकल घेऊन...

कारण सातवा महिना लागला आणि लगेच थोआनं शाळेतल्या बायकांकडून पिशवीभर झबली आणली. स्वच्छ, मऊ, एकही पैसा न देता. आई चष्मा लावून आली, एक झबलं दोन बोटांत धरलं, उंदीर धरावा तसं, आणि विचारलं, "आधी सांग, कुणाच्या अंगावरचं?"

आता थोआला काय माहीत कुणाच्या अंगावरचं? ती म्हणाली, "आई, उकळून घेऊ ना. उकळल्यावर काही राहत नाही."

"जंतू राहत नसतील," आई म्हणाली, "गुण राहतो."

आमच्याकडे हे असंच आहे. वाण नाही पण गुण लागतो म्हणतात ना, तर तो गुण सगळ्यात आधी लागतो झबल्यातून. शांत, खात्यापित्या, झोपाळू पोराचं झबलं मागून आणायचं आणि आपल्या पोराला घालायचं, म्हणजे आपलंही तसंच निघतं. रडक्याचं आणलंत, तर भोगा. थोआनं आणलेली ती पिशवी तशीच्या तशी परत गेली, आणि परत करायला कोण गेलं? मी. दुसरं कोण जाणार?

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय आईचं ऐकायचं? ऐकावं लागतं हो. गेल्या वेळी... गेल्या वेळी मी ऐकलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तिसरा महिना लागला आणि मी हौसेनं दुकानातून पिवळा पाळणा आणला, नवाकोरा. आई म्हणाली, सातव्या महिन्याच्या आत घरात काही आणू नये रे. मी हसलो. पुढच्याच महिन्यात सगळं संपलं. थोआ म्हणते, पाळण्याचा आणि त्याचा काही संबंध नाही, आणि तिचं बरोबर आहे, ती विज्ञान शिकवते. पण तो पाळणा दुसऱ्याच्या दारात सोडून आलो ना, त्या दिवसापासून माझी हिंमत नाही. या वेळी मला फक्त पोर जिवंत, धडधाकट हातात हवं होतं. त्यासाठी कुणी सांगितलं असतं की उलटा चाल, तर मी कालव्यापर्यंत उलटा चाललो असतो.

म्हणून सातवा महिना लागेपर्यंत घरात एक चिंधीसुद्धा नाही, आणि सातवा लागला की सगळं एकदम. थोआ फोनवर बघून सांगायची, "अहो, अमक्या गल्लीत बांबूचा पाळणा आहे, अगदी आपल्याला हवा तसा, लवकर जा." मी निघालो की मागून आई, "आधी विचार, कुणाच्या अंगाखालचा!" मी जायचो. पाळणा बघायचा, सुंदर असायचा, आणि मग मालकाला भीत भीत विचारायचं, "दादा, तुमचं बाळ रडतं का?" एक जण म्हणाला, "बाळ आहे, रडणार नाही तर काय गाणार?" पाळणा रद्द. एक बाई खरं बोलली, "अहो, आमची ती यात झोपलीच नाही कधी." रद्द. एकीनं पोरगं पुढे केलं, गुबगुबीत, शांत, मला वाटलं जमलं, तर ते माझ्याकडे बघून असं किंचाळलं, की शेजारची म्हातारी जेवणावरून उठून आली. रद्द. शेवटी आई म्हणाली, पाळणा राहू दे, झोळी बांधू, झोळीत सगळेच झोपतात. बरं. पण झबली? झबली तर हवीतच.

आणि झबली म्हटलं की आमच्या गल्लीत एकच नाव. भोपळा. सहाव्या मावशींचा नातू. मावशी आमच्या शेजारच्याच, आता त्यांचं खरं नाव त्यांना तरी आठवतंय का कोण जाणे, माहेरी सहावी म्हणून जगाची सहावी मावशी. आणि नातू भोपळा, दहा महिन्यांचा. काय सांगू तुम्हाला त्या पोराचं? खातो, झोपतो, उठतो, हसतो, परत खातो. जन्मात रडला नाही. गावातल्या झाडून सगळ्या गरोदर बायकांचा डोळा त्याच्या झबल्यांवर. मावशींच्या दारात चपलांचा ढीग. मी गेलो तर मावशी वहीत बघून म्हणतात, "चौथा नंबर तुझा." तीन आठवडे मी त्या घरी पपनसं पोचवली, केळी पोचवली, त्यांचा पाण्याचा पंप फुकट नीट करून दिला... पंप दुरुस्त करणं हाच माझा धंदा आहे, नाहीतर अजून किती पपनसं लागली असती देव जाणे.

आणि नंबर आला. तुम्हाला सांगतो, त्या दिवशी आईनं मला दारातच तीनदा बजावलं, "काही झालं तरी पोराला चांगलं म्हणायचं नाही." हे काय मला सांगायला हवं? आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. लहान बाळाचं तोंडावर कौतुक केलं की दृष्ट लागते. म्हणायचं असतं, शी, कसलं घाणेरडं पोरगं, राग येतो नुसता बघून. म्हणजे आईबाप खूश. आधी पपनसं घ्यायला बाजारात गेलो, तर जातायेता रस्ताभर हेच पाठ करत होतो. कसलं घाणेरडं पोरगं... कसलं घाणेरडं पोरगं... सिग्नलला शेजारचा माणूस माझ्याकडे बघायला लागला.

आत गेलो. मावशींनी पाच झबली घडी करून ठेवलेली. भोपळा चटईवर बसलेला. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि हसला, खालचे दोन दात दाखवून. आणि मला काय झालं कुणास ठाऊक... दोन वर्षं मनात धरून ठेवलेलं असतं हो माणसानं... माझ्या तोंडून निघून गेलं, "किती गोड बाळ आहे."

मावशींनी झबल्यांवर हात ठेवला. आणि भोपळा, जो जन्मात रडला नव्हता तो भोपळा, त्याचा ओठ वाकडा झाला, आणि त्यानं जे भोकाड पसरलं... तीन दिवस. मोजून तीन दिवस ते पोरगं रडलं. थोआ म्हणाली, दात येत असतील. पण विज्ञानाला गल्लीत कोण विचारतो? सगळ्यांना एकच माहीत, खांगनं दृष्ट लावली. वहीतून माझं नाव काट मारून काढलं. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, नुसती पानात माशाची शेपटी वाढायची.

इकडे नववा महिना. लंगोटांची चळत तयार, झोळी तयार, झबलं एक नाही. आणि एका दुपारी थोआ आणखी जुन्या चादरी शोधत आईच्या खाटेखाली वाकली, एवढं पोट घेऊन, आणि बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा ओढून काढला. उघडला. आत सहा झबली. हातानं शिवलेली, तलम, धुऊन धुऊन सायीसारखी झालेली. थोआ आनंदानं खालीच बसली, "आई, ही कुठली?"

"ही खांगची," आई म्हणाली. "तेव्हा कापड मिळत नव्हतं, याच्या आजोबांच्या सदऱ्यातून शिवली होती."

"म्हणजे एकदा जुन्याचं नवं झालं, आता पुन्हा करायचं. याहून चांगलं काय हवं? घरातच तर आहेत," थोआ म्हणाली.

मीही खूश. चौतीस वर्षं जपून ठेवलेली माझी झबली, माझ्या लेकराला, बापाची आठवण... आणि आईनं डबा ओढून घेतला. "याची? अजिबात नाही. अगं, हा तीन महिने दहा दिवस रडत होता. सलग. याचे आजोबा कंटाळून होडीत झोपायला गेले. समोरच्यांनी घर बदललं. दूध ओकायचा, झोळीत घातला की निळा पडेपर्यंत रडायचा, शाळेतही दोनदा नापास झाला. याचा गुण लावू बाळाला?"

तुम्हाला सांगतो, मी तिथेच उभा होतो. तीन पावलांवर. माझ्या तोंडावर हे चाललंय, आणि थोआ, माझी बायको, मान डोलावत ऐकतेय. मी म्हटलं, "आई, मग ठेवलीस कशाला एवढी वर्षं?"

आई म्हणाली, "डबा चांगला आहे." आणि मासे साफ करायला निघून गेली.

म्हणून परत मी मोटारसायकलवर. नदीच्या पलीकडे माझ्या एका गिऱ्हाइकाच्या भाचीचं बाळ शांत आहे म्हणून कळलं. मंगळवारी सकाळी निघालो. अजून दोन आठवडे अवकाश होता. भाचीच्या घरी चहा घेतला, बाळाला मनापासून घाणेरडं म्हटलं, दोन झबली पदरात पडली, आणि परतीच्या बोटीवर चढलो तेवढ्यात फोन. आईचा. "दवाखान्यात ये." एवढंच, आणि बंद. आता बोट नदीच्या मध्यावर. मी बोटीच्या या टोकाला, मग त्या टोकाला, मग परत या टोकाला. नावाडी म्हणाला, "भाऊ, तुम्ही चालल्यानं बोट लवकर पोचणार नाही." मला माहीत होतं हो. पण मला तो पिवळा पाळणा दिसत होता. नदी संपत नव्हती.

पोचलो. घामानं निथळत, हातात दोन झबली. आई बाकावर बसलेली, मांडीवर गाठोडं. म्हणाली, "हळू बोल. मुलगी आहे. दोघी चांगल्या आहेत." आणि मी भिंतीला टेकलो. मग बघितलं. एवढीशी, लाल, मुठी आवळून झोपलेली. आणि अंगात... मी ओळखलं ना ते कापड. आजोबांच्या सदऱ्याचं. माझं झबलं.

"आई," मी म्हटलं, "गुण?"

"वेळेवर दुसरं होतं काय?" आई म्हणाली. "नर्सबाई कपडे मागायला लागली, ती काय तुझ्यासाठी थांबणार?"

असेल. पण तुम्हाला सांगतो, मी पंपाचा माणूस, बारीक गोष्टी माझ्या नजरेतून सुटत नाहीत. झबलं धुतलेलं होतं. उन्हात वाळवलेलं होतं. इस्त्री केलेली होती. आणि तुटलेल्या बंदाच्या जागी नवा बंद, बारीक टाक्यांनी शिवलेला. आईला आता सुईत दोरा ओवायला अर्धा तास लागतो. हे काही मंगळवारी सकाळी घाईघाईत झालेलं नव्हतं. नदीपलीकडची दोन झबली खिशात कोंबली.

आणि पोर कसं निघालं म्हणता? शेंग म्हणतो आम्ही तिला घरात. खाते, झोपते, उठते, हसते, परत खाते. सव्वा महिना झाला, चादरीच्या लंगोटातसुद्धा कुरकुर नाही. गल्लीत बातमी पसरायला किती वेळ लागतो? परवा सहाव्या मावशी आल्या. स्वतः. हातात पपनसं. धाकटी सून गरोदर आहे ना. शेंगेकडे बघून म्हणाल्या, "शी, कसलं घाणेरडं पोर." आई खुलली. मग इकडचं तिकडचं बोलून मावशी हळूच म्हणाल्या, "एखादं झबलं मिळेल का गं?"

आईनं डबा आणला. मावशींनी एक उचललं, उजेडात धरलं, जुनं कापड बघून भुवया आक्रसल्या. "कुणाच्या अंगावरचं?"

आईची पापणी लवली नाही. "माझ्या नातीच्या," म्हणाली.

चौतीस वर्षं माझी असलेली झबली, सव्वा महिन्यात तिची. मावशी म्हणाल्या, "बापाचा गुण नाही आला हो, नशीब." आई म्हणाली, "नशीबच." आणि मी? मी पपनस सोलत होतो.

मग मावशींनी डब्यातलं दुसरं एक उचललं. ते, नव्या बंदाचं. आईनं ते हळूच त्यांच्या हातातून काढून घेतलं. "ते नको. ते फाटलंय."

मावशी गेल्यावर मी ते घेऊन उलटसुलट बघितलं. एक भोक नाही. म्हटलं, "आई, कुठे फाटलंय?" बोलताना माझा आवाज जरा घोगरा झाला असेल, नाही असं नाही.

आईनं माझ्याकडे बघितलं, झबल्याची घडी घातली, डब्याचं झाकण दाबून बसवलं आणि थोआला हाक मारून म्हणाली, "बघ, मी म्हटलं नव्हतं? चौतीस वर्षं झाली, अजून रडतोय."