चौथ्या पानाच्या तळाशी

हॅलो? … हो, मीच. बोल गं चिमणे … नाही, कामात कसली, मटार सोलत बसलेय … वाचलं की. सगळं वाचलं, दोनदा.

सांगते ना, जरा दम धर. औषधाच्या चाचणीचा निकाल लोकांना पाठवायच्या आधी तुम्ही आमच्यासारख्यांना वाचायला देता, समजतंय का बघायला, हो ना? मग मी पेन्सिल घेऊनच बसले, मास्तरणीसारखी. … हसू नकोस. मावशीला कळलं नाही तर दोष लिहिणाऱ्याचा, हे तुझंच म्हणणं.

हां, तर पहिलं पान, नुसते आभार. दुसऱ्यावर औषध कसं शोधलं ते. तिसरं माझ्या डोक्यावरून गेलं, आकडेच आकडे. आणि चौथ्या पानाच्या अगदी तळाशी, 'अपेक्षित फरक दिसून आला नाही.' म्हणजे काय गं? … नाही, कळलं मला. तुझ्या तोंडून ऐकायचंय.

… मोठ्याने बोल … हं … हं.

म्हणजे ज्यांना खरी गोळी दिली आणि ज्यांना नुसती पिठाची, दोघांचेही हात तसेच थरथरत राहिले.

… हो, रडतेय. मग? जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेले तुझ्या काकांचे हात आहेत ते. आता यांना साधा पट्टा बसवता येत नाही. या गोळीवर किती भिस्त होती माझी, तुला माहितीये. अगं, यांचा चहा कमी सांडतोय म्हणून बिल्डिंगभर सांगत सुटले होते मी. आणि कप कोण भरत होतं? मीच. अर्धाच भरत होते. सांडणार काय, कपाळ?

… तू कशाला माफी मागतेस? औषध तू केलंस का? तू फक्त निकाल लिहिणारी. … हो, नियम सांगितला होतास मला. बरं निघो, वाईट निघो, गोळी घेणाऱ्या प्रत्येकाला साध्या शब्दांत कळवायचं. चांगला नियम आहे. मग असं तळाशी नेऊन का दडवलंस? … साहेब म्हणाले? … साहेब नाही? मग कोण?

… अगं वेडे. तूच? माझ्यासाठी?

अगं ऐक ना … ऐक … लहानपणी प्रगतिपुस्तक दाखवायचीस, तेव्हाही कमी मार्कांवर अंगठा ठेवायचीस. तीच खोड. … माया कळते गं तुझी. पण हे कागद माझ्या एकटीकडेच जाणार आहेत का? माझ्यासारखीच कुणी बाई आभार वाचून खूश होईल आणि गोळी चालू ठेवा म्हणून डॉक्टरांच्या दारात जाऊन बसेल. … पटलं ना? मग पहिल्या ओळीत लिही. … आत्ता. मी आहे फोनवर.

… वाच … 'या औषधाने हातांची थरथर कमी झाली नाही.' हां, आता कसं. … नाही, ते 'दुर्दैवाने' काढून टाक. वाचणाऱ्याला कळतं तेवढं.

… काका? इथेच आहेत, समोर. … ऐकलं सगळं. मी काय कुजबुजत बोलते होय? … थांब, काहीतरी म्हणतायत. काय हो? … बरं, विचारते.

चिमणे, काका विचारतायत, दीडेक वर्ष गोळ्या घेतल्या, सुया टोचून घेतल्या, त्यांना गुण नाही आला तो नाही आला. पण तुम्हाला तरी या सगळ्याचा काही उपयोग झाला का?

… नीट बोल बाळा, कळत नाहीये … हां … हां …

अहो, झाला म्हणतेय. आता सगळ्या जगाला दिसेल असं लिहून ठेवणार आहेत. पुन्हा या गोळीच्या आशेवर कुणाला बसवून ठेवणार नाहीत. तुमच्यामुळे कळलं म्हणतेय.

… मान हलवली गं. डोळे पुसतायत. … काय म्हणता? … म्हणतायत, मग ते आभार कशाला, हेच लिही तिथे.

… आता तू रडायला लागलीस? बरं, रड. ठेवत नाही मी फोन …

… झालं? … जा, तोंड धू आणि लिहायला बस. ठेवते.